बाजारात बसणाऱ्यांचे कागद : कोकणातल्या लहान विक्रेत्यांचे वारंवार येणारे प्रश्न

माझी आई बावीस वर्षं आठवडा बाजारात आमसुलं, कुळीथ आणि सुकी मासळी घेऊन बसली. तिच्याकडे कसलाच परवाना नव्हता आणि तो काढावा लागतो हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जागा मोकळी करायला लावली. "कागद दाखवा" म्हणून विचारलं, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हापासून मी आसपासच्या बायकांचे आणि हातगाडीवाल्यांचे अर्ज भरून देते. मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत कुठलाही विक्रेता भेटला तरी प्रश्न साधारण हेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

परवाना काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा : कुठे बसता, काय विकता आणि कसं मोजून देता. "विक्रीचा परवाना" नावाचा एकच कागद नसतो. जागेचा कागद नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत देते. खाण्याची वस्तू असेल तर तिची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे होते. तराजू-काटा वापरत असाल तर त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. ही तीन वेगळी खाती आहेत. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही, आणि लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र हातात असलं म्हणून रस्त्याकडेला बसायचा हक्क मिळत नाही. उलटही तसंच, जागा मिळाली म्हणून भजी तळायची परवानगी मिळाली असं होत नाही.

मी शहरात बसते. जागेसाठी कुठला कायदा लागू होतो?

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या नगरपरिषदा असोत की कुडाळ, कणकवली, देवगड-जामसंडे, गुहागर, दापोली, लांजा या नगरपंचायती, सगळीकडे हाच कायदा आहे. रेल्वेच्या जमिनीला मात्र तो लागू नाही. कोकण रेल्वेच्या स्टेशनात विकायचं तर परवानगी रेल्वेकडूनच घ्यावी लागते. एसटी स्टँडच्या आवारात बसायचं असेल तर आधी महामंडळाकडे विचारा, कारण ती जागा त्यांची आहे.

या कायद्याखाली मिळतं ते विक्री प्रमाणपत्र. शहरात दर पाच वर्षांनी किमान एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. त्यात ज्यांची नोंद होते त्यांना प्रमाणपत्र देतात. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे, असं कायद्यात आहे. हे सगळं नगर पथविक्रेता समितीमार्फत चालतं. समितीतले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. आपल्या गावात समिती आहे का, तिच्यात विक्रेत्यांतर्फे कोण आहे, हे कार्यालयात जाऊन विचारा. मी हा प्रश्न विचारला तेव्हा दोन ठिकाणी टेबलापलीकडच्या माणसाला फाइल शोधायला उठावं लागलं. तरीही विचारत राहा.

प्रमाणपत्र घेताना हमीपत्र लिहून द्यावं लागतं : धंदा मी स्वतः किंवा घरच्या माणसाकडून करीन, पोटापाण्याचं दुसरं साधन मला नाही, आणि ही जागा कोणाला भाड्याने किंवा विकत देणार नाही. सही करण्यापूर्वी ते वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. वयाची अट १४ वर्षं पूर्ण अशी आहे.

सर्वेक्षण झालं तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. नाव राहिलं. आता?

सर्वेक्षणात नाव नसलं म्हणजे कायमचं दार बंद झालं असं नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो. शहराच्या योजनेत आणि त्या जागेच्या क्षमतेत बसत असेल तर प्रमाणपत्र मिळू शकतं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा. किती वर्षं बसता, कुठल्या जागी, कुठल्या वारी, काय विकता हे सरळ लिहा. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि जुन्या पावत्या जोडा. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, महिला, अपंग व्यक्ती आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य द्यायचं, हेही कायद्यात आहे. त्यांपैकी असाल तर अर्जात तसा उल्लेख करा.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगता आली पाहिजे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत, आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्याला उठवायचं नाही, असं याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलेलं आहे.

रोजची बाजार-पावती म्हणजेच परवाना ना?

नाही. पण तिच्याइतका उपयोगी कागदही दुसरा नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

बाजाराच्या दिवशी वसुलीवाला येतो, दहा-वीस रुपये घेतो, पावती फाडून देतो. ही पावती त्या दिवसाच्या जागेच्या शुल्काची असते. तिने कायमचा हक्क मिळत नाही. मात्र त्या तारखेला, त्या बाजारात तुम्ही विक्री करत होता याचा तो छापील पुरावा आहे. सर्वेक्षणात, अर्जात, अपिलात, कर्जाच्या शिफारशीत, सगळीकडे पहिला प्रश्न असतो, "कधीपासून बसता?" तोंडी उत्तर कोणी लिहून घेत नाही.

मला एका काकींनी मालवणीत विचारलं होतं, "पावती कित्याक सांभाळूची? रोजचीच तर आसा." त्या पावतीत सुट्टे पैसे गुंडाळून ठेवायच्या. मासळीच्या पाण्याने कागद भिजून संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा व्हायचा. दुसऱ्या एकींकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात रबर लावलेले पावत्यांचे गठ्ठे होते, प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष लिहिलेलं, तळाच्या पावत्यांची शाई पिवळट तपकिरी झालेली. जागा बदलायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी तो डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. पुढे वाद झालाच नाही, त्यांचं नाव यादीत गेलं. दोघी एकाच रांगेत, जवळजवळ तितकीच वर्षं बसत होत्या.

पावती मिळत नसेल तर मागा. पैसे घेऊन पावती देत नसतील तर तारखा वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या दोन विक्रेत्यांच्या सह्या घ्या. पावतीवर तारीख आणि कार्यालयाचं नाव आहे का ते तिथेच बघा, आणि घरी गेल्यावर मोबाइलमध्ये फोटो काढा.

आमचा बाजार ग्रामपंचायतीच्या हद्दीत भरतो. तिथे काय?

२०१४ चा पथविक्रेता कायदा शहरी संस्थांसाठी आहे. गावात महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालतं. बाजारावर शुल्क बसवायचा आणि सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार ग्रामपंचायतीला असतो. बऱ्याच ठिकाणी वसुलीचा वार्षिक लिलाव होतो आणि पावती ठेकेदार देतो. दर मात्र ठेकेदार ठरवत नाही, ते ग्रामपंचायतीच्या ठरावाने ठरतात. पाटीला किती, हातगाडीला किती, टेम्पोला किती हे दरपत्रक मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आठवडा बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्याला बहुतेक वेळा पावतीपलीकडे काही लागत नाही. कायमची टपरी टाकायची असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज करून ना हरकत दाखला घ्या. तोंडी "बस हो, कोण विचारतो" यावर पत्रे ठोकू नका. सरपंच बदलला की त्या तोंडी परवानगीला काही अर्थ राहत नाही. मी तीन टपऱ्या अशाच उचलल्या गेलेल्या पाहिल्या आहेत.

खाण्याची वस्तू विकते. अन्न नोंदणी मलाही लागते का? मी तर घरीच करते.

लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि नोंदणीची नियमावली २०११ ची. त्यात फेरीवाला, फिरता विक्रेता, जत्रेतला तात्पुरता स्टॉल, घरी पदार्थ करून विकणारी बाई हे सगळे "लहान अन्न व्यावसायिक" म्हणून धरलेले आहेत. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. उलाढालीची मर्यादा, शुल्क, मुदत यांत अधूनमधून बदल होतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी अन्न नोंदणीच्या फॉस्कॉस पोर्टलवरचा आकडा स्वतः बघा.

अर्ज ऑनलाइन भरतात. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि स्वच्छतेचं घोषणापत्र लागतं. मिळतो तो १४ आकडी क्रमांक. अर्ज गेल्यापासून ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस द्यायची, असं २०११ च्या नियमात होतं. ३० दिवसांत काहीच कळवलं नाही तर धंदा सुरू करायला हरकत नाही, असंही त्यात होतं. म्हणून अर्जाच्या पोचेचा प्रिंट जपा.

नोंदणी झाली म्हणजे काम संपत नाही. पाणी झाकलेलं असावं, हात धुवायची सोय असावी, कचऱ्याचा डबा असावा. गरम वडे वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, छपाईची शाई खाण्यात उतरते. केळीचं पान आपल्याकडे परसातच मिळतं. सरबताच्या गाडीवाल्यांनी बर्फाकडे नीट लक्ष द्यावं. खाण्याचा बर्फ पांढरा असतो. मासळी आणि माल गार ठेवायचा अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून त्यात निळा रंग घालायला सांगितलेलं आहे. बंदरावरून स्वस्तात आणलेला बर्फ कोकम सरबताच्या ग्लासात कधीही घालू नका. मुलं आजारी पडतात.

आगळ (कोकमाचा खारा रस), अमृत कोकम, लोणचं बाटलीत भरून विकायचं आहे. लेबलवर काय लिहू?

सुटी आमसुलं ग्राहकासमोर मोजून दिली तर लेबल लागत नाही. बाटली किंवा पाकीट आधीच बंद केलं की दोन कायदे लागतात, अन्नाचा आणि वैधमापनाचा. पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच क्रमांक, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, नाव-पत्ता, १४ आकडी क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन. आगळात मीठ आहे, अमृत कोकमात साखर आहे, ते घटकांत यायला हवं. "घरगुती" एवढंच छापून चालत नाही.

बचत गटातून करत असाल तर प्रत्येकीने वेगळी नोंदणी करायची की गटाच्या नावाने एकच, हे आधी ठरवा. पदार्थ ज्या जागेत तयार होतो त्या जागेची नोंदणी असते, हे लक्षात ठेवून ठरवा. दोन वाड्यांत दोन चुली पेटत असतील तर एका कागदात भागणार नाही.

मी मासळी विकते. मला वेगळं काय?

तुम्हीही पथविक्रेत्याच आहात. नगरपरिषदेच्या मंडईत ओटा असेल तर त्याचा करारनामा आणि भाड्याच्या पावत्या हाच तुमचा जागेचा कागद. ओटा सासूच्या नावावर आणि बसते सून, हे फार घरांत आहे. सासूबाई धडधाकट आहेत तोवरच नावाचं काय करायचं ते कार्यालयात लेखी विचारून घ्या.

पावसाळ्यातल्या बंदीचा प्रश्न दरवर्षी येतो. यांत्रिक नौकांना १ जूनपासून मासेमारी बंद असते. बरीच वर्षं ती ३१ जुलैपर्यंत होती, यंदाची शेवटची तारीख विचारून घ्या. ही बंदी समुद्रातल्या मासेमारीला आहे. तुम्ही खाडीची मासळी, सुकट, बोंबील विकायला त्याने अडत नाही. पण त्या दिवसांत जागा रिकामी राहिली तर कोणी दुसरं येऊन बसतं. म्हणून अर्जातच लिहा : "जून ते ऑगस्ट सुकी मासळी, बाकी वर्ष ताजी." प्रमाणपत्र एका जागी बसणाऱ्याला, फिरत्या विक्रेत्याला किंवा इतर प्रकारात देता येतं, त्यामुळे हंगामी धंदा लपवायचं काही कारण नाही.

काट्याला शिक्का कशाला? आम्ही तर वाट्यावर विकतो.

वाटा लावून, नगावर किंवा डझनावर विकत असाल तर काटा लागतच नाही. नारळ नगावर, हापूस डझनावर, तारली वाट्यावर, हा आपला जुना व्यवहार आहे. पण एकदा किलोवर विकायला लागलात की काटा पडताळलेला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी, लोखंडी वजनांची आणि साध्या तराजूची दर दोन वर्षांनी. निरीक्षक शिक्का मारतात आणि प्रमाणपत्र देतात. ते गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवा.

ऑनलाइन मिळणारा चारशे-पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा बाजारात आणू नका. त्या मॉडेलला व्यापारासाठी मान्यता नसते, त्यामुळे तो पडताळूनच मिळत नाही. आमच्याकडच्या एका मुलाने काजूगर विकायला असाच काटा घेतला होता. वजन बरोबर दाखवायचा, तरी जप्त झाला. त्या दिवशीची सगळी विक्री थांबली. नवा काटा अधिकृत विक्रेत्याकडून, पडताळणी प्रमाणपत्रासकटच घ्या.

जत्रेत दुकान लावायचं आहे.

आंगणेवाडी असो, कुणकेश्वरची महाशिवरात्र असो की कार्तिकानंतरच्या गावोगावच्या दहीकाल्याच्या जत्रा, जागा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. काही ठिकाणी देवस्थान जागा वाटतं, काही ठिकाणी ग्रामपंचायत, काही ठिकाणी खाजगी कुणग्याचा (भातखाचराचा) मालक भाडं घेतो. पैसे ज्याला द्याल त्याची पावती घ्या. खाजं, लाडू, भजी, चहा असेल तर अन्न नोंदणी लागते, एका रात्रीचं दुकान असलं तरी. वर्षभराची नोंदणी असेल तर तिचीच प्रत दुकानात लावा. वीज जोडणी तात्पुरती आणि रीतसर घ्या, गर्दीत उघड्या वायरी जिवावर बेततात. फटाके विकायचे तर जिल्हा प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो, तो या कशातही येत नाही.

किनाऱ्यावर शहाळी, भेळ, सरबत विकायला कोणाची परवानगी?

हा अवघड प्रश्न आहे, कारण किनाऱ्यावर एकाच वेळी अनेकांचा अधिकार चालतो. वाळू आणि भरतीरेषेजवळची जागा किनारा नियमन क्षेत्रात येते, २०१९ ची अधिसूचना त्यासाठी आहे. जमीन महसूल खात्याची असू शकते, बंदर आणि जेट्टीचा भाग महाराष्ट्र सागरी मंडळाचा, आणि स्वच्छता कर, पार्किंग वगैरे ग्रामपंचायतीकडे. म्हणून किनाऱ्यावर पक्कं काही बांधू नका. संध्याकाळी उचलून नेता येईल अशी गाडी किंवा टेबल ठेवा आणि ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना "कोणतंही बांधकाम करणार नाही" असं लिहा. ग्रामपंचायत तहसीलदारांकडे जायला सांगेल तर तेही लेखी घ्या.

२०२० मध्ये राज्याने निवडक किनाऱ्यांसाठी शॅक (खाण्यापिण्याचं तात्पुरतं खोपट) धोरण आणलं, त्यात तारकर्ली, कुणकेश्वर, गुहागर, आरे-वारे ही नावं होती आणि स्थानिकांना ८० टक्के वाटा ठेवला होता. शॅक आणि भेळेची गाडी यांत फरक आहे. शॅकच्या जाहिरातीत अर्ज करायचा म्हटलं तर अनामत, भाडं, रचना सगळं येतं. लहान माणसाने त्यात उडी घेण्याआधी तीन महिन्यांचा हिशेब मांडून बघावा, कारण पावसाळ्यात किनारा ओस असतो.

हायवेला आंब्याचा स्टॉल लावते. "देवगड हापूस" अशी पाटी लावली तर चालेल?

आधी जागेचं. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग ६६ ची हद्द डांबरापाशी संपत नाही, बाजूची पट्टीही सरकारची असते आणि तिथे बसायचं तर महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. हद्दीबाहेर खाजगी जमिनीत, मालकाच्या लेखी संमतीने बसणं सुरक्षित. वळणावर बसू नका. गाड्या वेगात येतात, आणि थांबणारी गाडी मागच्याला दिसत नाही.

पाटीचं सांगायचं तर, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांचा आंबा त्यात येतो. परराज्यातला आंबा आणून त्यावर हे नाव लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याने आपल्याच बागायतदारांच्या पोटावर पाय येतो. पेटीवर वरची रास आपली आणि खालची बाहेरची, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बागायतदाराकडून माल घेताना बिल घ्या, त्यावर गाव लिहून घ्या. आणि कार्बाइडच्या पुड्या पेटीत घालू नका, त्याला बंदी आहे. आढीत पिकवलेला आंबा चार दिवस उशिरा विकला गेला तरी चालेल.

गाडी आली आणि माझा माल उचलून नेला. काय करू?

शहरी हद्दीत असाल तर हे पाठ करून ठेवा. तुमची जागा हलवायची किंवा तुम्हाला उठवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून, सही करून, तिची प्रत तुम्हाला द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, ठरलेलं शुल्क घेऊन.

माझ्या आईची दोन पोती सुकट एकदा अशीच उचलली होती. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. यादी दिली नव्हती, त्यामुळे नेमका किती माल होता हे सिद्ध करता आलं नाही. आठ दिवसांनी एक पोतं परत मिळालं, तेही ओलं. आज मी सगळ्यांना सांगते : भांडू नका, हात धरू नका, पण "यादी द्या" हे मोठ्याने म्हणा आणि शेजारच्याला फोटो काढायला सांगा. त्याच दिवशी कार्यालयात लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. प्रमाणपत्र असलेल्या, अटी पाळणाऱ्या विक्रेत्याला पोलिसांनी किंवा इतर कोणी त्रास देऊ नये, असं कलम २७ सांगतं. अटी मोडल्या तर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हीसुद्धा दुसरी बाजू आहे.

प्लास्टिकची पिशवी देऊ नका. २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि पहिलाच दंड पाच हजारांचा. एका पिशवीपायी आठवड्याची कमाई जाते.

विक्रेता वारला तर जागा कोणाची?

प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा अपंग झाला तर ते जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला, प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत वापरता येतं. मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन लवकर अर्ज करा. पुतण्या, जावई, शेजारी यांच्याकडे ते जात नाही, आणि भाड्याने दिल्याचं सिद्ध झालं तर रद्द होतं. रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यावर अपील करता येतं.

स्वनिधी कर्जाला प्रमाणपत्र लागतंच का?

प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर उत्तम. नसेल तर नगरपरिषदेचं शिफारसपत्र चालतं. पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. आधी पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, २०२५ मध्ये ते १५ हजार झालं, पुढचं २५ हजार आणि मग ५० हजार. तारण लागत नाही, आणि हप्ते वेळेवर भरले तर ७ टक्के व्याज सवलत खात्यात जमा होते. शहराजवळच्या गावातून येऊन शहरात विकणाऱ्यांनाही शिफारसपत्रावर अर्ज करता येतो. शिफारसपत्रासाठी पुन्हा त्याच पावत्या कामी येतात.

शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी?

पाटी किंवा हातगाडीला शॉप ॲक्टची गरज पडत नाही. गाळा घेतलात आणि कामाला माणसं थोडीच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, आणि दुकानाच्या नावाची पाटी मराठीत, देवनागरीत लावायची. लहान धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. जीएसटी नुसत्या वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

अर्ज देऊन चार महिने झाले. उत्तर नाही.

पोच आहे का? नसेल तर अर्ज पुन्हा द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा : अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल कोणाकडे आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक अर्ज या एका कागदानेच हलले. तुमची सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर कार्यालयातल्या फलकावर तिची मुदत लिहिलेली असते. ती उलटली की पहिलं अपील करता येतं.

वाचता येत नाही. एजंटला पैसे देऊन करून घेऊ?

एजंटला दोन हजार देण्यापेक्षा आपले सरकार केंद्रात, बचत गटाच्या ताईकडे किंवा घरातल्या कॉलेजच्या मुलाकडे जा. पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. एजंटने त्याचा नंबर टाकला की नूतनीकरणाचा मेसेज त्याला जातो, आणि दरवर्षी त्याच्याच दारात जावं लागतं. अंगठा उठवण्याआधी अर्ज पूर्ण वाचून घ्या, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

मूळ प्रमाणपत्र घरी ठेवा. झेरॉक्स लॅमिनेट करून पाटीच्या कडेला दोरीने बांधा. मासळीच्या पाण्यातही ती टिकते, आणि कोणी विचारलं तर पदराला हात न पुसता दाखवता येते.